वाकतो किती हे सगळे विचारतात, सरळ किती होतो?

गुडघा बदलून सहा आठवडे झालेल्या काकू. मुलाने आत येताच सांगितलं, “110 अंश वाकतो, डॉक्टर. तरी वॉकर सुटत नाही.” खुर्चीतून सहज उठायला तेवढं वाकणं पुरतं. चालताना काकूंचं पाऊल मात्र टाचेवर न पडता सपाट पडत होतं.

टेबलावर झोपवून टाचेला आधार दिला. गुडघ्याखालून माझी मूठ आरपार गेली. गोनिओमीटर म्हणजे सांध्याचा कोन मोजायचं दोन पट्ट्यांचं साधन. त्याचं केंद्र गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे: सरळ व्हायला 15 अंश कमी. बसवून स्वतःच्या ताकदीने पाय ताणायला सांगितला तर 25 अंश कमी असतानाच थांबला. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहावे लागतात. 15 अंश सांध्याच्या आखडण्याचे, वरचे 10 मांडीच्या स्नायूच्या अशक्तपणाचे. फाईलमध्ये मात्र फक्त ‘वाकणे: चांगले’. ही नोंद अर्धवट आहे आणि ती फार ठिकाणी अशीच असते.

“झोपताना पायाखाली काय घेता?”

“उशी. गुडघ्याखाली. तशीच झोप लागते.”

लागणारच. सुजलेल्या सांध्यात थोडं वाकवलं की दाब सर्वांत कमी होतो. पण रात्रभर तसं राहिलं की सांध्याचं मागचं आवरण आणि मांडीमागचे स्नायू आखडतात. मग उभं राहतानाही मांडीचा पुढचा स्नायू सतत राबतो, पाय आखूड पडतो, कंबर दुखू लागते. उशी घरच्यांनी मायेनं दिली होती. घरी जाताना मिळालेल्या कागदावर व्यायामांची चित्रं होती, उशीबद्दल एक ओळ नव्हती. याचा मला राग येतो.

आधी सूज, कारण सांधा सुजलेला असला की मांडीचा पुढचा स्नायू नीट आवळतच नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं, पाय उंच, टाच गुडघ्याहून वर. मग गुडघ्याची वाटी हाताने वर सरकवायची. ती वर सरकली नाही तर स्नायू कितीही ओढो, शेवटचे अंश मिळत नाहीत. त्यानंतर टॉवेलची गुंडाळी टाचेखाली, गुडघ्याखाली काहीही नाही, 5 मिनिटांपासून 10 पर्यंत, दिवसातून तीन-चारदा. इथे हमखास चुकतं: पाय बाहेर वळतो आणि गुडघा गुपचूप वाकतो. बोटं छताकडेच हवीत. वरून वजन ठेवण्याची घाई नको. दुखलं की स्नायू उलट आवळतात.

ताण संपताच, त्याच स्थितीत, गुडघा खाली दाबून 5 सेकंद धरायचं, दहा वेळा. मिळालेली हालचाल स्नायूने लगेच वापरली नाही तर संध्याकाळपर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसली तर व्यायाम निम्मा. पोटरी एकाएकी सुजून दुखली तर व्यायाम थांबवून थेट सर्जनकडे, कारण रक्ताची गुठळी असू शकते.

महिन्याभरात ताकदीची तूट जवळपास भरली, वॉकर सुटून काठी आली. सांध्याचे 5 अंश मात्र अजून अडले आहेत. शेवटी हाताला लागतो तो अडथळा आता लवचिक नाही, टणक आहे. पहिल्या पंधरवड्यात कुणी उशी काढली असती तर हे 5 अंशही मिळाले असते का, हे मला अजून ठरवता येत नाही. रात्री पाय सरळ ठेवणारा पट्टा लावून पाहायचं काकूंशी ठरलंय. सर्जनना दोन्ही आकडे लिहून पाठवले आहेत.