गाडी चालते एका टायरवर, थांबते दुसऱ्यावर

मागच्या जानेवारीत एका उतारावरच्या, बर्फाने गोठलेल्या चौकात मी ब्रेक दाबला आणि गाडी पुढे जातच राहिली. वेग जेमतेम ताशी ३० किलोमीटर. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पायाखाली थरथरत होतं, फोर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी सोय, चालू होती. लाल दिवा मागे पडला, चौक ओलांडला गेला आणि पलीकडच्या चढावर गाडी आपसूक थांबली. आडव्या रस्त्याने तेव्हा कुणी येत नव्हतं, एवढंच नशीब. मागच्या सीटवर मुलगी झोपली होती, तिला काही कळलंही नाही. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

गाडीला ऑल-टेरेन टायर होते, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे, दोन महिन्यांपूर्वी घातलेले. घेताना मी फक्त नक्षी पाहिली होती: मोठे ठोकळे, मध्ये खोल, रुंद खाचा. आदल्याच आठवड्यात घोटाभर ताज्या हिमातून त्याच टायरांनी गाडी सहज वर काढली होती. त्यामुळेच माझा विश्वास वाढला होता.

आपण ‘बर्फ’ या एकाच शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी बसवतो, तिथेच घोळ होतो. भुसभुशीत हिमात खोल खाचा कामाच्या असतात. त्यात हिम दाबून बसतं, आणि हिमाला हिम घट्ट धरतं. पण चाकांनी घोटून काचेसारख्या झालेल्या थरावर खाचांना धरायला काही उरतच नाही. तिथे कामाला येतं ते रबर. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साधं रबर कडक होत जातं. विंटर टायरचं, म्हणजे खास हिवाळ्यासाठीच्या टायरचं, रबराचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने मारल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. त्या किंचित उघडतात आणि प्रत्येक कड पकड घेते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली: शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्या दिवशी दुपारी ऊन पडलं होतं.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते. थांबवायला ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांनाच असतात.

माझ्या टायरांवर ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) लिहिलेलं होतं आणि मी ते प्रमाणपत्र समजले होते. ती अक्षरं नक्षीच्या रचनेबद्दल सांगतात, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह मात्र चाचणीनंतरच मिळतं. काही ऑल-टेरेन टायरांवरही ते असतं, आणि नुसत्या ‘एम+एस’पेक्षा ते नक्कीच बरे. पण ती चाचणी दाबलेल्या हिमावर टायर किती जोर लावतो हे मोजते. काचेसारख्या बर्फावर गाडी किती अंतरात थांबेल, हे ते चिन्ह सांगत नाही. दुकानात हे कुणी मला सांगितलं नाही, याचा राग अजून आहे.

ज्यांचा रस्ता खडीचा, चिखलाचा, धारदार दगडांचा आहे आणि हिम अधूनमधून पडतं, त्यांनी चिन्ह असलेले ऑल-टेरेन जरूर घ्यावेत. त्यांची जाड साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, तिथे खरंच उपयोगी पडते. माझा रोजचा रस्ता डांबरी, उताराचा, रात्री गोठणारा.

या वर्षी मी विंटर टायर घेतले, वेगळ्या रिमवर, चारही. फक्त पुढे दोन घातले तर पुढची चाकं धरतात आणि मागची बाजू फिरते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की ते बदलायचे, हेही वहीत लिहून ठेवलं आहे. हवा दर आठवड्याला सकाळी, गाडी गार असताना तपासते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) कमी होते.

परवा पहाटे, रस्ता रिकामा असताना, मी एकटीच त्या उतारावर गेले. त्याच वेगात, त्याच ठिकाणी ब्रेक दाबला. गाडी थोडी घसरली, मग टायरांनी धरलं, आणि पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे उभी राहिली. वळून पुन्हा वर गेले आणि आणखी दोनदा करून पाहिलं.