शिप्पो फुलदाण्या : तिसऱ्या वर्षाची नोंद

नमस्कार मंडळी. मागच्या नोंदीनंतर संग्रहात दोनच फुलदाण्या आल्या आणि एक मी विकली. पण या वर्षी हाताला आणि डोळ्याला जे वळण लागलं, ते आधीच्या दोन वर्षांत लागलं नव्हतं.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी आधी थोडंसं. जपानी मीनाकामाला शिप्पो म्हणतात. शिप्पो म्हणजे सात रत्नं, बौद्ध ग्रंथांतली आपली सप्तरत्नंच. आपल्याकडे मीनाकारीत बहुधा धातू कोरून खळगे करतात आणि त्यांत रंग भरतात. इथे तांब्याच्या भांड्यावर धातूच्या केसासारख्या पट्ट्या उभ्या चिकटवून कप्पे करतात. चिकटवायला एका ऑर्किडच्या कंदाची खळ वापरतात. कप्प्यांत काचेची रंगीत ओली पूड भरायची आणि भट्टीत भाजायची. पूड वितळली की खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. शेवटी दगडाने घासत घासत चकाकी आणायची.

मी नागोयात राहतो, त्यामुळे हा छंद जडला नसता तरच नवल. १८३०च्या दशकात याच भागातल्या काजी त्सुनेकिची यांनी परदेशातून आलेली एक मीनाकामाची वस्तू सुटी करून ही रीत उलगडली, असं सांगतात. तिथून ती शेजारच्या तोशिमा गावात गेली आणि घराघरांत भट्ट्या पेटल्या. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनानंतर युरोपातून मागणी वाढली. त्या गावातला १८९५चा रस्त्याचा दगड अजून आहे, त्यावर गावाचं नाव रोमन लिपीतही कोरलंय. परदेशी खरेदीदार वाट चुकू नयेत म्हणून! मी त्या दगडासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो.

आता या वर्षाची मुख्य खरेदी. ओसू कान्नोन देवळाच्या आवारात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो. जूनमध्ये तिथे २४ सेंटिमीटर उंचीची एक फुलदाणी दिसली. काळसर निळी पार्श्वभूमी, विस्टेरिया या वेलीच्या जांभळ्या फुलांचे घोस आणि त्याखाली डावीकडे बघणारं एक पाखरू. सही नाही. चांदीच्या पट्ट्या कुठे जाड, कुठे बारीक होत गेलेल्या, जणू कुंचल्यानेच ओढल्यात. साध्या कामात पट्टी सगळीकडे एकाच जाडीची असते. ही जाडीतली चढउतार दिसली की मी थांबतोच.

दोन वर्षांपूर्वीचा मी असतो तर लगेच पैसे काढले असते. या वेळी आधी खिशातून टॉर्च आणि दहापट भिंग काढलं. उजेड आडवा धरून फुलदाणी हळूहळू फिरवली. खांद्यावर रुपयाएवढा भाग जरा मंद दिसला. बोट लावलं तर बाकी अंग गार, तेवढाच भाग कोमट. भिंगातून बघितलं तर तिथल्या रेषांना धातूची चमकच नाही: पट्ट्या त्या भागाच्या कडेशी तुटतात आणि पुढे रंगाने ओढलेल्या रेषा आहेत. फुलदाणी कधीतरी पडली होती, मीन्याचा टवका उडाला होता आणि तिथे राळ भरून रंगवलं होतं. आत बोट घातलं तेव्हा त्याच जागी पोचाही लागला.

विकणाऱ्या आजोबांना ती जागा दाखवली. त्यांनी भिंग मागून घेतलं, स्वतः बघितलं आणि न बोलता आकडा निम्म्यावर आणला. मी घासाघीस केली नाही. काम अस्सल होतं आणि दुखापत आता दोघांनाही माहीत होती.

किमतीबद्दल मला विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की विकायला लावलेल्या वस्तूवरचा आकडा ही किंमत नव्हे. लिलावात खरंच गेलेल्या वस्तूंचे आकडे बघा, तेही तशाच आकाराच्या, तशाच अवस्थेतल्या. चिनी मातीच्या भांड्याची दुरुस्ती बरीच माणसं मानतात, पण शिप्पोत टवका आणि पोचा किंमत फार खाली आणतात, कारण मूळ मीना पुन्हा भाजून भरणं जवळजवळ अशक्य. फुलदाण्यांच्या जोडीला सुट्या दोन नगांपेक्षा जास्त मोल असतं. कारागिराच्या सहीची मूळ लाकडी पेटी बरोबर असेल तर आणखी. आणि सही म्हणजे सर्वस्व नव्हे. नामिकावा यासुयुकी किंवा नामिकावा सोसुके यांचं नाव दिसलं की आपण विरघळतो. आडनाव एक, पण दोघं नातेवाईक नव्हेत. एक क्योतोचे, दुसरे तोक्योचे, आणि १८९६मध्ये दोघांनाही सम्राटाच्या दरबाराचे कलावंत नेमलं गेलं. त्यांची नावं खोटी घातलेल्या वस्तूही फिरतात. आधी काम बघा, मग तळ उलटा करा.

विकली ती लाल, चांदीच्या वर्खावरची. तिला मी मेइजी काळातली, म्हणजे १९१२च्या आधीची समजून बसलो होतो. तसल्या लाल फुलदाण्या पुढे कितीतरी वर्षं निघत राहिल्या आणि माझी त्यांतलीच. घेणाऱ्याला हे स्पष्ट सांगून दिली. दुसरी नवी खरेदी साधीच आहे, तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

दिवाळीत घरी आलो तेव्हा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आईला घेऊन गेलो. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून तिथे जपानी कलावस्तूही आल्या आहेत. आई काचेसमोर वाकून म्हणाली, "अरे, तू घासून घासून बघतोस ते हेच का?" हेच, आई.

जोडीतल्या चित्रांची मांडणी बहुधा आरशातल्यासारखी असते, एकमेकांकडे तोंड केलेली. माझं पाखरू डावीकडे बघतंय. आता बाजारात जाताना त्याचा फोटो जवळ असतो. काळसर निळ्या पार्श्वभूमीवर, विस्टेरियाखाली, उजवीकडे बघणारं पाखरू कुणाला कुठे दिसलं तर मला नक्की कळवा. टवका असला तरी चालेल.