इन्सुलिनची चिठ्ठी आणि काउंटरवरची दहा मिनिटं

चिठ्ठीवर डॉक्टर लिहितात: 30/70, सकाळी 18, रात्री 12, जेवणाआधी. म्हणजे 30 टक्के लवकर आणि 70 टक्के सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, आणि 18, 12 ही युनिट, म्हणजे इन्सुलिनचं माप. सिरिंज कोणती घ्यायची, टोचायचं कुठे, बाटली ठेवायची कुठे, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. ते सांगायचं फार्मासिस्टने आणि नर्सने. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतात, आपल्याकडे तसा अधिकार नाही. पण इन्सुलिन घ्यायला शिकवण्यासाठी नवा अधिकार लागतच नाही. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार रुग्णाला औषधाची नीट माहिती देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं कामच आहे. अडचण एवढीच की बऱ्याच मेडिकलमध्ये नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि काउंटरवर दुसराच कोणी असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा 1 मिलीत 40 युनिट या ताकदीचं असतं, पेनमध्ये बसणाऱ्या औषधाच्या नळीतलं, म्हणजे कार्ट्रिजमधलं, 100 चं. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल, 100 च्या सिरिंजचं नारिंगी. पेन बिघडलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अर्धा मिली येतं, म्हणजे 50 युनिट. रक्तातली साखर धाडकन खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट बाजूने, 40 चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये 20 पर्यंत भरलं तर पोटात जातात फक्त 8 युनिट. मग साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवला जातो. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून रुग्णाला वाचायला लावावा, आणि सिरिंज नुसती 'इन्सुलिनची द्या' म्हणून मागू नये, आकडा सांगून मागावी, हेही बजावावं.

ब्रँड बदलून देताना आणखी एक गोष्ट निसटते. साध्या ह्यूमन 30/70 नंतर साधारण अर्ध्या तासाने जेवायचं असतं, नव्या अॅनालॉग (रचना थोडी बदललेल्या इन्सुलिनच्या) मिश्रणानंतर लगेच. खोक्यावरचे आकडे सारखे दिसले तरी दोन्ही एक नव्हेत. डॉक्टरांना न विचारता बदल करू नये.

साठवणीचं थोडक्यात सांगता येतं. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर चांगलं दिसलं तरी फेकायचं. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. वापरातलं पेन खोलीतल्या सावलीत चालतं, बहुतेक प्रकारांत 28 दिवस. सुई लावून ठेवू नये. हवा आत जाते, औषध गळतं.

टोचणं शिकवण्यात सिस्टरांचा हात कोणी धरू शकत नाही. दुधाळ इन्सुलिन हलवायचं म्हणजे गदागदा नाही. तळहातांमध्ये फिरवून आणि उलटसुलट करून, रंग एकसारखा होईपर्यंत. पेनला नवी सुई लावली की आधी 2 युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का पाहायचं. बेंबीपासून दोन बोटं लांब, 4 मिमीची सुई सरळ आत, बटण पूर्ण दाबून दहापर्यंत मोजायचं, मगच सुई बाहेर. घाईत सुई ओढली की टोकावर थेंब राहतो, तो डोसातलाच असतो. पुढचं इंजेक्शन किमान एक बोट बाजूला. 'समजलं ना?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात, त्यामुळे 'आता तुम्ही करून दाखवा' म्हणावं.

यापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे पोटावरून बोटं फिरवून पाहणं. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचलं की तिथे चरबीच्या मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही, म्हणून रुग्णाला तीच जागा आवडते. पण त्या गाठींतून इन्सुलिन अनियमित शोषलं जातं. साखर कधी 300, कधी 60. डोळ्यांना गाठ दिसेलच असं नाही, बोटांना लागते. आणि नुसतं 'जागा बदला' सांगून घरी पाठवणं धोक्याचं, कारण निरोगी त्वचेतून तोच डोस जास्त लागू पडतो. आधी डॉक्टरांना कळवून डोस कमी करायचा का ते ठरवावं, आणि पहिले काही दिवस साखर वारंवार तपासावी.

रक्तातली साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे बहुतेकांना माहीत असतं. पण रुग्ण मधुमेहाची व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळीही घेत असेल तर? या गोळ्या आतड्यात साखरेचं विघटनच मंदावतात, म्हणून घरची साखर वेळेवर उपयोगी पडत नाही. त्यांच्या घरी ग्लुकोज पावडर हवी. दोन्ही औषधं एकाच बिलावर पाहणारा माणूस फार्मासिस्टच असतो.

त्याच बिलांतून आणखी एक हिशेब निघतो. 3 मिलीच्या कार्ट्रिजमध्ये 300 युनिट. रोज 18 आणि 12, शिवाय दोन्ही वेळा हवेत सोडलेले 2-2, म्हणजे 34. कार्ट्रिज आठ-नऊ दिवसांत संपायला हवं. गिऱ्हाईक वीस दिवसांनी नवं घ्यायला आलं, तर डोस चुकतायत, नाहीतर पैशाची ओढाताण म्हणून कमी घेतला जातोय. 'तुम्ही औषध घेत नाही' असं म्हटलं की माणूस दुसऱ्या मेडिकलमध्ये जातो. 'रात्रीचं राहून जातं का कधी?' असं विचारावं, परवडत नसेल तर स्वस्त बाटलीचा पर्याय चालेल का हे डॉक्टरांना फोन करून विचारावं, आणि 40 ची बाटली दिली तर लाल टोपणाची सिरिंज सोबत द्यावी.