बंद पडलेल्या संगणकाचा पंचनामा

संगणकातला एखादा प्रोग्रॅम बंद पडणे आणि खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम कोसळणे या दोन्ही गोष्टी वापरणाऱ्याला सारख्याच वैतागाच्या वाटत असल्या, तरी तक्रार नोंदवण्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्राउझर कोसळला तर खालची ऑपरेटिंग सिस्टिम शाबूत असते, काय घडले ते ती टिपून ठेवते आणि अहवाल पाठवायचा का, असे विचारू शकते. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नेल; तोच कोसळला तर मात्र टिपून घेणाराच उरत नाही. ज्याने डिस्कवर लिहायचे त्याच्याच मेमरीत गडबड झालेली असू शकते, आणि अशा अवस्थेत लिहायला गेल्यास चांगल्या फाइलींचीही नासाडी होण्याचा धोका असतो. त्यामुळे ज्या बिघाडाची माहिती दुरुस्ती करणाऱ्यांना सर्वांत जास्त हवी असते, तीच त्यांच्यापर्यंत पोहोचणे सर्वांत अवघड असते.

नागपुरात इतवारी आणि गांधीबाग भागातल्या काही व्यापाऱ्यांच्या व करसल्लागारांच्या कार्यालयांतील संगणकांची देखभाल मी करतो, आणि ही माहिती वाटेत नेमकी कुठे हरवते ते मला रोज दिसते. फोन येतो, "भाऊ, पुन्हा निळं आलं न! काय लिहून होतं ते वाचताच नाही आलं, फोटो काढला पण." विंडोज कोसळल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्याचा व्हॉट्सॲपवर आलेला तो फोटो तिरपा असतो, पडद्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा उमटलेला असतो आणि तो पट्टा हमखास स्टॉप कोडच्या, म्हणजे बिघाडाचा प्रकार सांगणाऱ्या ओळीवरच असतो. मी पोहोचेपर्यंत अनेकदा मशीन सीताबर्डीतल्या एखाद्या दुकानात गेलेले असते. तिथला कारागीर रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने घासतो, पट्टी परत बसवतो. एवढ्याने जमले नाही तर फॉरमॅट मारतो. खोडरबराचा उपाय बऱ्याचदा लागूही पडतो, आणि त्या कारागिराला पैसे मशीन सुरू करण्याचे मिळतात, कारण शोधण्याचे नव्हे, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढावी, तसा हा प्रकार असतो.

वास्तविक पुरावा जपून ठेवण्याच्या युक्त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांनी फार पूर्वीच शोधल्या आहेत. विंडोज कोसळताना मेमरीतला आवश्यक भाग थेट डिस्कवरच्या पेजफाइलच्या (मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या फाइलीच्या) जागेत लिहून टाकते आणि पुढच्या वेळी सुरू झाल्यावर तो तिथून काढून रीतसर डंप फाइल, म्हणजे मेमरीची प्रत असलेली फाइल, बनवते. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये केडंप नावाची सोय आहे. तिच्यात मेमरीचा एक तुकडा आधीच राखून त्यात दुसरा छोटा कर्नेल तयार ठेवलेला असतो, आणि पहिला कोसळला की हा दुसरा उठून पहिल्याच्या मेमरीची प्रत काढतो. शिवाय पीस्टोअर ही व्यवस्था कर्नेलचे शेवटचे संदेश फर्मवेअरच्या टिकाऊ मेमरीत ठेवू शकते. म्हणजे पुष्कळदा पुरावा संगणकातच पडलेला असतो. तो तिथे आहे हे सांगणारा कोणी नसतो. विंडोजच्या मिनीडंप (छोट्या डंप फाइलींच्या) फोल्डरात एकापाठोपाठ एक फाइली साचत गेल्या आहेत आणि मालकाला त्यांचा पत्ताच नाही, असे संगणक मी नेहमी पाहतो.

एकट्या अहवालाला फारशी किंमत नसते. असे पुष्कळ अहवाल एकत्र आले की त्यांना बोलता येऊ लागते. विंडोज एक्सपीसोबत २००१ मध्ये 'पाठवा' किंवा 'पाठवू नका' असे विचारणारी चौकट घरोघरी पोहोचली. आपल्याकडे बहुतेकांनी 'पाठवू नका' हेच बटण दाबले असावे, असा माझा कयास आहे. तरीही त्यातून मायक्रोसॉफ्टकडे प्रचंड संख्येने अहवाल जमले. सारख्या बिघाडांची एकेक टोपली करून जी टोपली सर्वांत जड तिच्याकडे आधी पाहायचे, ही त्यांची पद्धत त्यांनी २००९ मध्ये एका शोधनिबंधातून मांडली. लिनक्सच्या जगात अर्यान व्हॅन डी व्हेन यांनी २००७ च्या सुमारास कर्नेल-ऊप्स हा प्रकल्प सुरू केला, त्याचे तत्त्वही हेच होते. वापरणाऱ्याने काही लिहायचे नाही. संगणकाने स्वतःच ऊप्सचा, म्हणजे कर्नेलने नोंदवलेल्या चुकीचा, मजकूर पाठवायचा आणि कोणता बिघाड किती वेळा आला ते मोजायचे.

या मोजणीचा लाभ केवळ विकासकांना होतो असे मानणे चुकीचे ठरेल. हजारो संगणक कर्नेलमधल्या एकाच जागी अडखळत असतील, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा असतो. एकच संगणक दर वेळी निराळ्या जागी कोसळत असेल, तर त्याची रॅम, वीजपुरवठा किंवा तापमान तपासायला हवे. नागपूरसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कूलरसमोर माणूस बसतो पण संगणक भिंतीलगतच्या बंद कप्प्यात कोंडलेला असतो, तिथे हा भेद फार मोलाचा आहे. "आपला संगणक गेल्या काही वेळांत निरनिराळ्या ठिकाणी कोसळला आहे, आधी मेमरी तपासून घ्या," एवढे वाक्य जरी पडद्यावर आले, तरी कित्येक फॉरमॅट वाचतील.

पडद्यावरच्या मजकुराला किती महत्त्व असते, ते १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. अनेक निळ्या पडद्यांवर दोषी ड्रायव्हरच्या (कर्नेलला जोडून चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलीचे नाव छापून आले होते, आणि जगभरातल्या फोटोंत तेच एक नाव दिसू लागल्यामुळे हा घोळ एकाच मुळाचा आहे, हे कळायला तज्ज्ञाची गरज उरली नाही.

म्हणूनच मला क्यूआर कोडचा मार्ग सर्वांत आश्वासक वाटतो. विंडोजने २०१६ मध्ये निळ्या पडद्यावर क्यूआर कोड आणला खरा, पण तो सर्वसाधारण मदतीच्या पानाकडे नेत असे. त्या विशिष्ट संगणकाचे काय झाले, याचा त्यात मागमूस नसे. लिनक्सने मात्र मुद्द्यालाच हात घातला. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ६.१० आवृत्तीत, ग्राफिक पडदा चालू असतानाही कर्नेल पॅनिकचा, म्हणजे कर्नेल कोसळल्याचा, संदेश दाखवण्याची सोय झाली. त्याआधी अशा वेळी पडदा जसाच्या तसा गोठून राही आणि फार तर कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत असे. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ आवृत्तीत या संदेशाला क्यूआर कोडची जोड मिळाली. रेड हॅटमधील जोसलिन फालंप यांनी केलेल्या या कामात कर्नेलचा लॉग, म्हणजे त्याच्या घडामोडींची नोंदच, संकुचित करून कोडमध्ये भरता येतो. क्यूआर कोडची कमाल क्षमता २,९५३ बाइटची असल्याने सगळा लॉग मावत नाही, तरी पुष्कळदा तेवढ्यावर काम भागते.

ज्या गावात तर्री-पोह्याच्या गाडीवरही लोक सवयीने मोबाइल पुढे करून पैसे देतात, तिथे कोड कसा स्कॅन करायचा हे कोणाला शिकवावे लागणार नाही. शून्य आणि आठ यांची गल्लत होणारे मेमरीतले सोळा-सोळा अक्षरी पत्ते फोनवरून वाचून दाखवण्याची पाळीही येणार नाही. फोटो काढणे ही लोकांची सहजप्रवृत्ती आहेच. अहवालाची व्यवस्था तिच्याभोवती उभी करायची.

या पार्श्वभूमीवर विंडोजची अलीकडची दिशा मला पटत नाही. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या काळ्या पडद्यावरून क्यूआर कोड वगळला गेला, आणि अनपेक्षित रीस्टार्टचा थांबा बहुतेकांसाठी सुमारे २ सेकंदांवर आणल्याचे अभिमानाने सांगण्यात आले. स्टॉप कोड आणि दोषी ड्रायव्हरचे नाव ठळक दिसते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण २ सेकंदांत इतवारीतला मुनीमजी खिशातून मोबाइल काढेपर्यंत पडदा गेलेला असेल. संगणक लवकर सुरू होणे आणि पुरावा हाती लागणे यांत विरोध असण्याचे कारण नाही, मात्र त्यासाठी पुन्हा सुरू झाल्यानंतर, कामाच्या आड न येता, मागच्या वेळी काय झाले होते ते समजेल अशा भाषेत सांगितले गेले पाहिजे.

भाषेचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. कोसळत्या कर्नेलजवळ असतात त्या ठरावीक ठिपक्यांच्या साध्या अक्षराकृती. देवनागरीतली जोडाक्षरे आणि वेलांट्या जुळवणारी यंत्रणा त्याच्यापाशी नसते. तेव्हा पॅनिकचा पडदा मराठीत असावा हा हट्ट मी धरणार नाही. परंतु तो कोड मोबाइलवर जे पान उघडतो ते मराठीत असायला कोणतीच तांत्रिक अडचण नाही, आणि "त्या वेळी आपण काय करत होता?" या एका प्रश्नाचे उत्तर मराठीत बोलून देता आले, तर विकासकांना आज न मिळणारी माहिती मिळेल. आजचा प्रघात असा, की बगझिला या बिघाड नोंदवण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडा, इंग्रजीत लिहा, आवृत्तीचा क्रमांक द्या. आणि ग्राफिक कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर बसवलेला असेल, तर कर्नेल 'टेंटेड', म्हणजे डागाळलेला, ठरून तक्रार बाजूला पडण्याचीच शक्यता जास्त. एवढे सव्यापसव्य कोणता करसल्लागार करील?

माझ्याकडच्या लोकांची एक शंका मात्र रास्त आहे: यात आमचा हिशेब तर जाणार नाही ना? मेमरीच्या संपूर्ण डंपमध्ये अशिलांचे पॅन क्रमांक, पासवर्ड, उघडे असलेले पत्र असे काहीही असू शकते, आणि साध्या कर्नेल लॉगमध्येही पेन ड्राइव्हचे सिरियल क्रमांक उमटतात. म्हणून पाठवण्यापूर्वी काय जाणार आहे ते दाखवले पाहिजे, पूर्ण डंप मागितलाच तर वेगळी परवानगी घेतली पाहिजे, आणि अहवालाला पोचक्रमांक मिळाला पाहिजे, ज्यावरून हा बिघाड आधी ठाऊक होता का आणि कोणत्या अपडेटमध्ये सुधारला, ते पुढे पाहता येईल. विजेच्या तक्रारीलासुद्धा क्रमांक मिळतो.

तोवर माझ्या ताब्यातल्या विंडोज संगणकांवर मी दोन गोष्टी करून ठेवतो. प्रगत सिस्टिम सेटिंगमधील 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात आपोआप रीस्टार्ट होण्यापुढची खूण काढतो, जेणेकरून पडदा फोटो काढेपर्यंत थांबेल. आणि मशीन दुकानात देण्याआधी, ते सुरू होत असेल तर, सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरातला मिनीडंप फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला सांगतो. सीताबर्डीतल्या एका कारागिरानेही आता फॉरमॅट मारण्यापूर्वी तो फोल्डर माझ्याकडे पाठवायला सुरुवात केली आहे, अर्थात त्याचे वेगळे पैसे लावून.