हळू उडण्याचा तास

आज वारा जवळजवळ पडलेला होता, म्हणून मला विमान चालवायला शिकवणाऱ्या सरांनी सर्किट (धावपट्टीभोवती फेऱ्या मारत उडण्या-उतरण्याचा सराव) बाजूला ठेवून स्लो फ्लाइट घ्यायला लावली. विमान हळू चालवायचं, बस! ऐकायला किती सोपं. उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

पुरेशी उंची गाठली, क्लिअरिंग टर्न घेऊन आसपास कुणी नाही ना ते पाहिलं, इंजिनची पॉवर ठरवणारा थ्रॉटल मागे घेतला, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टप्प्याटप्प्याने खाली. आमच्या छोट्या सेसना १७२ विमानाचा वेगाचा काटा ५० नॉट्सच्या आसपास आला की अख्खं विमान सैल पडतं. योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, फिरवला तरी पंख सावकाश, नाखुशीनेच झुकतो. उजवा पाय रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) पेडलवर सतत दाबलेला. जरा ढिला पडला की नाक डावीकडे निघालंच. नाक वर आणि पॉवर जास्त असली की प्रॉपेलरचं खाली येणारं पातं जास्त ओढतं, त्याचा हा परिणाम.

खरी गंमत पुढे आहे. उंची घटायला लागली की हात आपसूक योक मागे ओढतो. इथे तसं केलं की ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढतो, वेग आणखी पडतो आणि विमान आणखीच खाली बसतं. "अगं, उंची थ्रॉटलमध्ये शोध," सर म्हणाले. वेग नाकाने सांभाळायचा, उंची पॉवरने. शिवाय इथून आणखी हळू जायचं तर पॉवर कमी नाही, जास्त लागते! हे गणित डोक्यात बसायला बराच वेळ गेला.

स्टॉल हॉर्न, म्हणजे स्टॉल (पंखाची उचल कोसळणं) जवळ आल्याचा इशारा देणारा भोंगा, तर मला आवडायलाच लागलाय. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं छिद्र असतं; स्टॉल जवळ आला की तिथल्या कमी दाबाने हवा आतून ओढली जाते आणि मधली पत्ती पेटीच्या सुरासारखी वाजते. विजेची भानगडच नाही.

शेवटी थोडे स्टीप टर्न, म्हणजे विमान बरंच झुकवून घेतलेली वळणं, झाले. ४५ अंशांच्या बँकमध्ये (झुकावात) स्टॉलचा वेग जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. फायनलवर (उतरण्याआधीच्या, रनवेच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) वळताना रनवे हुकतोय म्हणून विमान जास्त झुकवू नये, असं सर का बजावतात ते यातच आहे. खाली उंची उरलेली नसते.

सगळे लँडिंग मोजत बसतात, पण मला विचाराल तर हा सराव दुप्पट हवा. फ्लेअर (चाकं टेकण्याआधी नाक हळूच उचलणं) म्हणजे तरी जमिनीलगतची स्लो फ्लाइटच की!

पुढच्या वेळी पॉवर-ऑफ स्टॉल, म्हणजे पॉवर कमी करून मुद्दाम घेतलेला स्टॉल. त्यातून सावरण्याच्या, रिकव्हरीच्या पायऱ्या पाठ करून यायला सांगितलंय.