शंभरावा भाग, आणि दोनदा ऐकू येणारा 'धा'

माझ्या पॉडकास्टचा शंभरावा भाग काल रात्री चढवला! तीन आठवडे उशिरा. ध्वनिमुद्रण झालेलं, मुखचित्र तयार, वर्णनही लिहून ठेवलेलं. सगळं अडलं होतं तबल्याच्या एका 'धा'पाशी.

मागच्या नोंदीत ध्वनिमुद्रणातल्या ज्या घरघरीबद्दल लिहिलं होतं, ती ग्राउंड लूपचीच, म्हणजे विजेच्या जोडणीतून शिरणारी, निघाली. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर काम केलं आणि ती गेली. तो विषय संपला.

शंभराव्यासाठी आधी संकलन करायचं ठरवलं होतं. ९९ भागांतले चित्रकार, नेपथ्यकार, कठपुतळीवाले, सगळ्यांचे थोडे थोडे तुकडे. पण निवडायला बसलो तर प्रत्येक तुकडा गप्पांतून उपटून काढल्यासारखा वाटला. मग बेत बदलला आणि तबलावादक ताईंना बोलावलं. आधी गप्पा, शेवटी ११ मिनिटं नुसतं वादन, मिळून ८२ मिनिटं. एक रेकॉर्डर त्यांच्यापाशी, एक माझ्यापाशी, दोन्ही ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे सँपल) आणि ३२ बिट फ्लोट या नोंदपद्धतीवर. फ्लोटचं मी मनापासून कौतुक करतो. डग्ग्यावर अचानक जोरात थाप पडली तरी फाइल फाटत नाही. मायक्रोफोनच फाटला तर मात्र फ्लोटही वाचवत नाही, म्हणून तो फूटभर लांब आणि थोडा तिरका ठेवला होता.

सुरुवातीच्या टाळीवर दोन्ही ट्रॅक जुळवले. पहिली दोन-तीन मिनिटं सुरेख. पाचव्या मिनिटापासून आवाज डब्यातून आल्यासारखा होऊ लागला, विसाव्याला शब्दामागे शब्द ऐकू यायला लागले, आणि वादनात तर प्रत्येक बोल दोनदा. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा शेवटचा तुकडा) ऐकताना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठली हेच कळेना.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे भोवलं असेल. प्रत्येक रेकॉर्डरचं घड्याळ म्हणजे त्याच्या पोटातला क्वार्ट्झचा स्फटिक, आणि कुठलेही दोन स्फटिक अगदी एका चालीने चालत नाहीत. मी मोजलं तेव्हा दोन रेकॉर्डरांमध्ये सेकंदाला दोनाहून किंचित जास्त सँपलचा फरक निघाला. ४८,००० मध्ये दोन! पण ८२ मिनिटांत त्याचे दहा हजारांवर सँपल होतात, म्हणजे २१० मिलिसेकंद. टाइमकोडचा डबा (दोन्ही रेकॉर्डरना वेळेची एकच खूण देणारं उपकरण) घ्या, असं दोघातिघांनी सुचवलं होतं. पण तो फक्त सुरुवात जुळवून देतो. सँपलचं घड्याळ बांधून घेत नसेल, तर पुढची घसरण होते तशीच होते.

पहिला उपाय म्हणून दर शांततेत कापून तुकडे सरकवले. गप्पांना चाललं. वादनात शांतताच नाही, कापायचं कुठे? मग त्या ११ मिनिटांपुरता माझा ट्रॅक बंद करून पाहिला. ठोका स्वच्छ आला, पण खोलीचा आवाज गेला आणि डग्ग्याचा घुमारा कोरडा पडला. तिसऱ्या खेपेला रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑल्टची कळ धरून क्लिपची कड ओढली, म्हणजे क्लिप ताणली. वेळ जुळली, पण 'धिरधिर' ओल्या कापडावर बोटं मारल्यासारखं झालं. इथे माझे दहा दिवस गेले. वेगवेगळे अल्गोरिदम लावून पाहिले, आवाज स्वच्छ करणारं एक महागडं प्लगइनही लावलं. त्याने तर डग्ग्याची आसच, म्हणजे मागे रेंगाळणारी गुंजच, खाऊन टाकली. गोंगाट समजून! बोलण्यासाठी ते ठीक असेल, वाद्याजवळ मी ते पुन्हा नेणार नाही.

गाठ सुटली ती एका खुणेने. रीपरमध्ये क्लिप ताणली की 'स्वर कायम ठेवा' हा पर्याय आपोआप चालू असतो, आणि तो स्वर राखायला आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो. तिथेच ठोक्याची धार जाते. मी ती खूण काढली. मग फाइल टेपसारखी नुसती किंचित हळू चालते. स्वर बदलतो, पण किती? एका सेंटच्या (अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागाच्या) तेराव्या हिश्शाइतका. कुणाच्याही कानाला तो कळायचा नाही.

राहिला प्रश्न ताणायचं किती याचा. ते मोजायला शेवटीही एक टाळी लागते, पण तिहाईनंतर आम्ही दोघंही गप्प बसलो होतो आणि शेवटची टाळी राहूनच गेली होती. पण शेवटचा 'धा' होता की! दोन्ही ट्रॅकवर त्याची उभी रेघ स्पष्ट दिसत होती, अंतर २१५ मिलिसेकंद. माझा मायक्रोफोन तबल्यापासून पावणेदोन मीटर जास्त लांब, म्हणजे पाच मिलिसेकंद हवेतल्या प्रवासाचे. ते वजा केले नि उरलेल्या २१० ची दुरुस्ती केली. मधल्या पडताळणीलाही ठोका सापडला. ४१ व्या मिनिटाला ताईंनी तबला लावताना गट्ट्यावर (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यावर) हातोडी मारली होती. तिथे तीन मिलिसेकंदांचा फरक निघाला, बहुधा रेकॉर्डर तापल्यामुळे. तो राहू दिला. हवेतले पाचही तसेच ठेवले, खोली त्यातूनच ऐकू येते.

रात्री दीड वाजता हेडफोन लावले. तिहाई आली, आणि 'धा' एकच पडला. मी तो सलग सहा वेळा ऐकला.

आवाजाची पातळी नेहमीप्रमाणे उणे १६ लफ्स (आवाज सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप). वादनावरचा कॉम्प्रेसर (लहानमोठ्या आवाजातला फरक कमी करणारा) पूर्ण काढला, गप्पा थोड्या खाली आणल्या.

यापुढे बसून होणाऱ्या गप्पांसाठी एकच चार चॅनलचा रेकॉर्डर घ्यायचा, असं लिहिणार होतो. तो घेईनही. पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं. कार्यशाळेत फिरत बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन रेकॉर्डर लागणारच, मग शेवटची टाळी मी का वाजवायची? पाहुण्यांनी आपल्या कामातलाच एक ठोका द्यावा. शिल्पकाराची छिन्नी, नर्तिकेचा घुंगरू बांधलेला पाय, चित्रकाराने भांड्याच्या काठावर आपटलेला ब्रश. जुळणीला धारदार रेघ मिळेल आणि भागाला शेवट. १०१ व्या भागाच्या पाहुण्या लाकडात कोरीव ठसे करतात. त्यांना आजच विचारतो.

भाग चढवण्याआधी वादनाचा तुकडा ताईंना पाठवला होता. सकाळी उत्तर आलं: "सातव्या मिनिटाला डग्गा जरा उतरलाय. तो तसाच ठेवा."