सासूबाईंचं मशीन आणि आजींचं लुगडं

मार्गशीर्षातली गोष्ट. अमळनेरात सकाळी दुकानाचं शटर हाताला बर्फासारखं लागत होतं. दिवा लावते न लावते तोच एक आजी पिशवी घेऊन आल्या. आत नऊवारी लुगडं, दोन सुती साड्या आणि एक विरलेली चादर. सुरतेला नातीला बाळ झालेलं, मुलगा संध्याकाळच्या गाडीने निघणार. त्याच्याबरोबर बाळासाठी गोधडी द्यायची होती.

"मनी मायनं लुगडं शे. जपीसन शिवजो, माय."

माझा धंदा ब्लाउजचा. पण चार फुटांची गोधडी म्हणजे सरळ रेघा मारायच्या, त्यात काय, असं मला वाटलं. पाच थर जमिनीवर अंथरले, मधून कडेकडे कच्चे टाके घातले आणि मोटारीच्या मशीनवर धावपट्टीसारखी पहिली शिवण मारली. शेवटाला पोचले तर वरचं लुगडं दोन बोटं पुढे आलेलं, खाली चादर मागे राहिलेली. मशीनचे खालचे दाते चादर ओढतात आणि वरचा फूट, म्हणजे कापड दाबणारा पाय, लुगडं दाबून धरतो, म्हणून हे होतं. ब्लाउजच्या दोन थरांत ते कळत नाही, पाच थरांत लपत नाही. तरी मी हट्टाने पाच रेघा मारल्या. उलटं करून पाहिलं तर जागोजागी चुण्या.

उसवायला पाऊण तास गेला. जुन्या कापडात सुईची भोकं तशीच राहतात. पाण्याचा हात लावून नखाने घासली, तेव्हा थोडी बुजली.

मग कोपऱ्यातलं सासूबाईंचं मशीन उघडलं. काळं सिंगर, सोनेरी वेलबुट्टी निम्मी झिजलेली, पितळी पट्टीवर '१५ के'. यातला 'के' म्हणजे स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद पडला, मशीन मात्र पायडल मारलं की लगेच सुरू. याच्या सुईखाली एकच बारीक गोल भोक असतं. झिगझॅगच्या मशीनला आडवी फट असते, मऊ कापड तिच्यात दबून घुसतं.

सहा महिन्यांपूर्वी याच्यासाठी चालता फूट घेऊन ठेवला होता. दिसायला बोजड, खाली स्वतःचे दाते, बाजूला एक काटा. तेव्हा लावला तर नुसता खडखडला, म्हणून डब्यात टाकला होता. आज जवळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. काटा सुईच्या स्क्रूच्या वर बसायला हवा, मी तो खाली अडकवला होता! सुई वर जाताना तिने काट्याला उचलायचं, म्हणजे फुटाचे दाते वरच्या थराला धरून खालच्या दात्यांबरोबर मागे सरकवतात. सुई खाली आली की तेच दाते उठून पुन्हा पुढे येतात. दोन्ही बाजूंनी एकच चाल.

दाबाचा स्क्रू दीड फेरा सैल केला, १६ नंबरची सुई घातली, टाका मोठा ठेवला. सावकाश पायडल. पहिली रेघ संपली तेव्हा दोन्ही कडा एकमेकींवर. मी एकटीच हसले. या मशीनला रिव्हर्स नाही. असतं तरी चालत्या फुटाने मागे शिवू नये. म्हणून प्रत्येक रेघेशेवटी दोन्ही दोरे खाली ओढून गाठ मारायची. कंटाळवाणं काम.

दुपारी दोनला लुगड्यावर तळहाताएवढा रफू दिसला. आजींच्या आईच्या हातचा असणार, बारीक जाळीसारखा. त्यावरून सरळ रेघ मारायला मन होईना. रफूचा स्प्रिंगवाला फूट लावला. या मशीनचे दाते खाली घेता येत नाहीत, म्हणून टाका शून्यावर आणला आणि दात्यांवर जुन्या एक्स-रेचा तुकडा भोक पाडून चिकटवला. सुई वर गेली की हा फूटही उठतो आणि कापड हाताने हवं तिकडे फिरवता येतं. रफूभोवती वळसा घातला. वळसा बटाट्यासारखा झाला, पण रफू शाबूत.

साडेपाचला आजी आल्या. वरची बाजू त्यांनी पाहिलीच नाही. गोधडी सरळ पालथी केली आणि तळहात फिरवत गेल्या. एका कोपऱ्याशी थांबल्या.

"आठे कापड गोया व्हयनं, माय."

होतं खरं. कोपऱ्यात काठाची जाड घडी आलेली, तिथे फूट चढला आणि चादर दुमडली होती. मी उसवायला घेणार, तर त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली, माझ्याच रिळातून दोरा ओढला आणि ओट्यावर बसून चार टाके उसवले. पाच घातले, माझ्यापेक्षा सारखे. पोरगा रिक्षा घेऊन उभा, हॉर्न वाजवतोय.

पैसे देताना ठरल्यापेक्षा दहा रुपये कमी दिले. मी काही बोलले नाही.